आधी कान, मग डोळे
नव्यानं इस्लाममध्ये आलेल्यांनी कुरआन वाचायला कसं शिकावं

कलमा पढून इस्लाममध्ये आलेल्या माणसापुढे पहिल्याच दिवशी एक काम उभं राहतं. नमाज दिवसातून पाच वेळा आहे, तिच्या फर्ज रकातीच १७ होतात आणि नमाजेत जे पढायचं ते अरबीत आहे. घरी मराठी, कामावर मराठी-हिंदी. अरबी कधी कानावरून गेलेली नसते. मशिदीत शेजारी उभा असलेला दहा वर्षांचा मुलगा झरझर पढतो आणि आपले नुसते ओठ हलतात. ही लाज पुष्कळांना नमाजेपासूनच लांब ठेवते. काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. मोबाईलवर देवनागरीतलं कुरआन उतरवून घेतात, हाताला लागेल ते घोकतात आणि चुकीचे उच्चार जिभेवर पक्के बसवून टाकतात.

मी प्रौढांना कुरआन वाचायला शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांत नवमुस्लिम असतात, तसेच लहानपणी मकतब, म्हणजे मशिदीतला मुलांचा कुरआन-वर्ग, सुटलेले जन्मानं मुसलमानही असतात. दोघांनाही मी एकच सांगते: कुरआन आधी कानानं शिकायचं, मग डोळ्यांनी. रोज थोडंच शिकायचं, पण जे शिकलो ते कुणाला तरी ऐकवून, दुरुस्त करून घेऊन. बाकी सगळं त्यामागून येतं.

घाई कशाची?

कुरआन एका रात्रीत उतरलं नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर ते सुमारे २३ वर्षांत, प्रसंगाप्रसंगानं, थोडं थोडं उतरलं. ज्यांच्या मातृभाषेत ते आलं, त्यांनीही ते असंच टप्प्याटप्प्यानं पाठ केलं. मग अरबीचा गंध नसलेल्या माणसानं वर्षभरात खत्म करण्याचा हट्ट का धरावा?

हजरत आयशा यांच्याकडून आलेली एक प्रसिद्ध हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा: कुरआन पढण्यात जो पारंगत आहे, तो थोर फरिश्त्यांच्या सोबत असेल आणि ज्याला पढताना अडखळायला होतं, कष्ट पडतात, त्याला दुप्पट पुण्य आहे. एक पढण्याचं आणि एक कष्टाचं. अडखळणाऱ्यांनी ही हदीस मनात धरून ठेवावी. तुमचं अडखळणं कमीपणाचं नाही, ते मोजलं जातंय.

आणखी एक नाव ओळखीचं करून घ्या: सालिम. अबू हुजैफा यांच्या घरातले हे मुक्त गुलाम मूळचे इराणकडचे, म्हणजे अरब नव्हेतच. पण कुरआन ज्यांच्याकडून शिकावं म्हणून प्रेषितांनी चार जणांची नावं घेतली, त्यांत सालिम होते. मक्केहून आधी निघून मदिनेजवळ कुबाला पोचलेल्या मुहाजिरांची नमाज तेच पढवत, कारण त्या सगळ्यांत जास्त कुरआन त्यांनाच पाठ होतं. बाहेरून आलेला माणूस या विद्येत सर्वांच्या पुढे उभा राहू शकतो, हे पहिल्याच पिढीनं दाखवून दिलं.

अक्षरांवरची जबर, जेर, पेश ही चिन्हंसुद्धा तुमच्यासारख्यांमुळेच आली. सुरुवातीच्या प्रतींमध्ये ती नव्हती. अरबांना त्यांची गरज नव्हती. इस्लाम अरबस्तानाबाहेर पसरला, नव्या लोकांच्या वाचनात चुका होऊ लागल्या, तेव्हा सातव्या शतकात बसऱ्याच्या अबुल अस्वद दुअली यांनी स्वर दाखवण्यासाठी वेगळ्या रंगाच्या शाईचे ठिपके द्यायला सुरुवात केली, असं परंपरा सांगते. पुढच्या शतकात खलील बिन अहमद यांनी आजची रूपं रूढ केली. म्हणजे पानावरची ही सगळी मदत नवशिक्यांसाठी आहे. ती घ्यायला संकोच कसला?

पहिले दिवस: नमाज थांबवू नका

'आधी सगळं शिकतो, मग नमाज सुरू करतो' हा विचार सोडून द्या. नमाज आजपासून, शिकणंही आजपासून.

कुरआनमधलं काहीच पाठ नसलेला एक माणूस प्रेषितांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, अल्लाहु अकबर असे जिक्रचे छोटे शब्द शिकवले, असं अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. फातिहा पाठ होईपर्यंत अशा जिक्रवर नमाज पढण्याची सवलत उलेमा याच आधारावर देतात. तुमच्या बाबतीत नेमकं काय करायचं, ते जवळच्या आलिमना विचारून घ्या. शक्य असेल तेव्हा जमातीत उभे राहा. इमामांच्या मागे कानावर जे पडतं, तोच पहिला धडा.

इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण नवी माणसं हिच्यापाशी हमखास गोंधळतात. रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत; देशावर, मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भात हनफी जास्त. शाफई पद्धतीत इमामांच्या मागेही प्रत्येकानं फातिहा पढायची असते, मोठ्यानं पढायच्या नमाजेत बिस्मिल्लाही मोठ्यानं आणि 'आमीन'ही मोठ्यानं. हनफी पद्धतीत इमामांच्या मागे गप्प उभं राहून ऐकायचं आणि आमीन मनातल्या मनात म्हणायची. महाडला एक पाहिलं आणि औरंगाबादला दुसरं, म्हणून घाबरू नका. दोन्ही जुन्या, मान्य पद्धती आहेत. ज्यांच्याकडे शिकता त्यांची पद्धत धरा आणि शिकण्याच्या काळात तीच ठेवा.

सगळ्यात आधी अल-फातिहा

कुरआनच्या ११४ सूरांपैकी पहिली, अवघ्या सात आयतींची. नमाज हिच्याशिवाय होत नाही, म्हणून शिकणंही हिच्यापासून. रीत अशी ठेवा.

पहिल्या दिवशी सबंध सूरा फक्त ऐका. पढू नका, मागून पुटपुटू नका. दुसऱ्या दिवसापासून एक आयत घ्या. ती एका चांगल्या कारींच्या, म्हणजे शुद्ध कुरआन पढणाऱ्यांच्या, आवाजात ऐका, थांबवा, तशीच म्हणा, पुन्हा ऐका. मग स्वतःचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी लावून ऐका. आपल्याच कानाला आपली चूक कळू लागली की अर्धं काम झालं. आठवड्यातून दोनदा तरी हे शिक्षकांना ऐकवा. दोन आयती पक्क्या झाल्याशिवाय तिसरीला हात लावू नका.

ऐकण्यासाठी संथ आणि स्वच्छ पढणारे कारी निवडा. इजिप्तचे शेख महमूद खलील अल-हुसरी (१९१७–१९८०) यांची तिलावत शिकणाऱ्यांसाठी उत्तम, कारण प्रत्येक अक्षर जागच्या जागी सुटं ऐकू येतं. संपूर्ण कुरआन संथ लयीत ध्वनिमुद्रित करणारे ते पहिले; ते काम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यांचं आणि त्यांचेच समकालीन शेख मुहम्मद सिद्दीक अल-मिन्शावी यांचं खास शिकवण्यासाठी केलेलं मुद्रणही मिळतं. मिन्शावींच्या मुद्रणात ते एक आयत पढतात आणि मुलं मागून म्हणतात. त्या मुलांबरोबर तुम्हीही म्हणा. कारी अब्दुल बासित यांचा लांब दमाचा आवाज मन हलवून टाकतो. तो जरूर ऐका, पण त्याची नक्कल आत्ता नको. सूर नंतर, अक्षर आधी.

शिक्षक कसे शोधावेत

ॲप आणि व्हिडिओ कितीही चांगले असले तरी ते तुमचं ऐकत नाहीत. आवाज ओळखून चुका दाखवणारी ॲप आली आहेत. सुटलेला शब्द ती दाखवतील, पण अक्षर घशातून निघालं की जिभेच्या टोकावरून, हे समोर बसलेल्या माणसालाच कळतं. चौदाशे वर्षं ही विद्या तोंडातून कानात, कानातून तोंडात अशीच आली आहे.

पहिली विचारपूस मोहल्ल्याच्या मशिदीतल्या इमामसाहेबांकडे करा. मुलांचा मकतब बहुधा अस्र-मगरिबच्या सुमारास किंवा सकाळी भरतो. मुलांत बसायला संकोच वाटत असेल तर इशानंतर अर्धा तास मिळेल का ते विचारा. स्पष्ट सांगा: मी नवीन आहे, मला अलिफपासून शिकायचंय. बायकांसाठी बऱ्याच मोहल्ल्यांत एखादी आलिमा किंवा हाफिजा घरीच वर्ग घेते. मशिदीत चौकशी केली की कुणाची तरी आपा सापडते. गावात सोय नसेल तर व्हिडिओ कॉलवर शिका, पण समोरच्याला तुमचं तोंड दिसेल असा कॅमेरा ठेवा.

शिक्षक निवडताना तीन गोष्टी पाहा. त्यांचं स्वतःचं पढणं तजवीदसह, म्हणजे उच्चारांच्या नियमांप्रमाणे, शुद्ध आहे का. ते तुम्हाला थांबवून दुरुस्त करतात का. आणि प्रौढ माणसाशी ते धीरानं वागतात का. नुसतं 'माशाअल्लाह, पुढं चला' म्हणणारा शिक्षक गोड वाटतो, पण त्यानं नुकसान होतं. रागावणाऱ्या शिक्षकाकडे कुढत बसण्याचीही गरज नाही. दुसरे शोधा.

देवनागरीतलं कुरआन: किती आणि कुठवर

देवनागरीत उच्चार छापलेल्या प्रती बाजारात सहज मिळतात. पहिल्या काही आठवड्यांत, ऐकलेलं आठवावं म्हणून त्यांचा आधार घेतला तर हरकत नाही. पण वाचायला त्यांच्यावरून शिकू नका. आपल्या लिपीत जिथं एक 'स' आहे तिथं अरबीत से, सीन आणि साद अशी तीन अक्षरं आहेत. 'ज' किंवा 'झ' लिहून आपण झाल, झे, झाद, झोय ही चार वेगळी अक्षरं एका मापानं मोजतो. ते आणि तोय दोन्ही 'त' होतात, बडी हे आणि छोटी हे दोन्ही 'ह', अलिफ आणि ऐन दोन्ही 'अ'.

मराठी माणसाची आणखी एक खास अडचण आहे. माझ्याकडे येणारे एक काका, निवृत्त झालेले, देवनागरीवरून फातिहा पाठ करून आले होते. तिसऱ्या आयतीपाशी मी त्यांना थांबवलं. पहिला शब्द 'मालिकि'. ते म्हणत होते 'मालिकी'. मी म्हटलं, "काका, शेवट लांबला." ते म्हणाले, "ताई, पुस्तकात ऱ्हस्वच आहे, मी ऱ्हस्वच म्हणतोय." पुस्तकात खरंच ऱ्हस्व होतं. पण मराठीत शब्दाच्या शेवटी आलेला इकार-उकार आपण लांबच म्हणतो. शाळेत लिहायलाही तसंच शिकवतात. डोळ्यांना ऱ्हस्व दिसलं तरी जीभ जन्माची सवय सोडत नाही. मी पुस्तक मिटायला लावलं आणि टेबलावर बोटानं ठोका देत म्हटलं: एक ठोका, तेवढाच 'कि', आणि लगेच पुढचा शब्द. दोन शब्द जोडून म्हटल्यावर शेवट आपोआप आखूड झाला. तुम्हीही असंच करा. शब्द सुटे म्हणू नका, पुढच्याला जोडून म्हणा. आयतीच्या शेवटी थांबताना मात्र उलट नियम आहे: तिथं अखेरचा ऱ्हस्व स्वर सोडून द्यायचा, म्हणून पहिल्या आयतीचा शेवट 'आलमीन' असा होतो.

एका मात्रेचं महत्त्व किती, ते याच सूरेत दिसतं. सहाव्या आयतीत 'अन्अम्त' या शब्दाच्या अखेरीस जबर आहे. 'तू कृपा केलीस' असा अर्थ होतो. तिथं चुकून पेश पढली तर 'मी कृपा केली' असा अर्थ होतो. प्रार्थना करणाऱ्याच्या तोंडी ते यावं का? म्हणून दुरुस्तीचा एवढा आग्रह.

कायदा: अलिफपासून

फातिहा कानानं चालू असतानाच डोळ्यांचं शिक्षण वेगळं सुरू करा. त्यासाठी छोटं पुस्तक असतं, त्याला कायदा म्हणतात. आपल्याकडे नूरानी कायदा सर्वांत जास्त चालतो. जुन्या मकतबांत बगदादी कायदाही दिसतो. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानांत, तसंच बहुतेक शहरांत मोठ्या मशिदीजवळ तो अगदी कमी पैशांत मिळतो.

कायद्याची पायरी अशी चढत जाते. आधी सुटी अक्षरं. मग जोडलेली: अरबी उजवीकडून डावीकडे जाते आणि अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी वेगळं दिसतं. अलिफ, दाल, झाल, रे, झे, वाव ही सहा अक्षरं आपल्या पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. ही सहा ओळखता आली की शब्द कुठं तुटतो ते कळतं. मग जबर, जेर, पेश, मग दोन जबर, दोन जेर, दोन पेश, म्हणजे तनवीन, मग जजम (स्वर नसल्याची खूण) आणि तशदीद (अक्षर दुहेरी करणारी खूण), खडी जबर, खडी जेर, उलटी पेश, शेवटी मद.

प्रौढांची चूक एकच होते: अक्षरं ओळखता आली की ते थेट कुरआन उघडतात. कायदा शेवटच्या पानापर्यंत पुरा करा. प्रत्येक धडा आधी सुटा करून म्हणा, म्हणजे अक्षर, त्याची मात्रा, मग दोन्ही मिळून. त्याला हिज्जे म्हणतात. हिज्जे न करता ओळ सहज म्हणता आली की त्याला रवाँ म्हणतात. रवाँ झाल्यावरच पान उलटायचं. रोज अर्धा तास नेमानं दिला तर काही महिन्यांत कायदा संपतो. त्यानंतर अम्म पारा, म्हणजे तिसावा पारा घ्या. त्यात ७८व्या सूरेपासून ११४व्या सूरेपर्यंत ३७ छोट्या सूरा आहेत आणि नमाजेत लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या त्यात येतात.

मराठी जीभ आणि अरबी अक्षरं

प्रत्येक अक्षर तोंडात जिथून निघतं, त्या जागेला मखरज म्हणतात. सगळे मखरज पाठ करत बसू नका. ज्या अक्षरांपाशी मराठी जीभ घसरते, तेवढ्यांवर मेहनत घ्या.

फे: आपला 'फ' दोन ओठांतून येतो. इथं वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या भागाला टेकली पाहिजे.

वाव: दात ओठाला लागू द्यायचे नाहीत, दोन्ही ओठ गोल करायचे.

झे: 'जोर', 'बाजार' या शब्दांतला मराठी 'ज' जवळ आहे. फक्त जीभ दातांमागे चिकटवून सोडायची नाही. हवा अखंड जाऊ द्यायची.

से, झाल, झोय: तिन्हींना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागून किंचित बाहेर दिसलं पाहिजे. आरसा समोर धरून करा. जीभ दिसली नाही तर समजा 'स' किंवा 'झ' झाला.

काफ दोन आहेत. एक आपला 'क'. दुसरा, म्हणजे बडा काफ, जिभेच्या अगदी मुळाशी, पडजिभेजवळ होतो. 'कुल' या शब्दानं सुरू होणाऱ्या सूरा नमाजेत सारख्या पढल्या जातात, म्हणून हा लवकर बसवा.

बडी हे: चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर जशी वाफ सोडतो, तसा घशाच्या मधून, कोरडा, जोरकस श्वास. 'अल्हम्द'मध्ये हाच 'ह' आहे.

ऐन: त्याच जागेवरून, पण आवाज देऊन. घसा किंचित आवळतो, गुदमरत मात्र नाही. हे अक्षर वाचून येत नाही. शिक्षकांच्या समोर बसून, रोज दहावीस वेळा म्हणूनच येतं.

झाद: जिभेची कड वरच्या दाढांना लावून. सगळ्यात अवघड अक्षर हेच. अरबस्तानाबाहेरच काय, आतल्या लोकांनाही त्यावर मेहनत घ्यावी लागते. फातिहाच्या शेवटच्या आयतीत ते दोनदा येतं. 'द' किंवा 'झ' होत असेल तर खचून जाऊ नका, पण दुरुस्तीही सोडू नका.

शेवटी, खे, साद, झाद, गैन, तोय, बडा काफ, झोय ही सात अक्षरं नेहमी जाड, भरदार आवाजात येतात. जिभेचा मागचा भाग वर उचला; ओठ गोल करून ते काम होत नाही.

तजवीद किती शिकायची?

अक्षरांना त्यांचा हक्क देऊन पढण्याच्या शास्त्राला तजवीद म्हणतात. नवशिक्यानं नियमांची अरबी नावं पाठ करत बसू नये, नियम कानात बसवावेत. सुरुवातीला इतकं पुरे: नून आणि मीमवर तशदीद असेल तर नाकातून गुणगुणत दोन मात्रा थांबायचं, त्याला गुन्ना म्हणतात. मदचं चिन्ह दिसलं की स्वर ओढायचा. किती, ते शिक्षक ठरवून देतील. फातिहाच्या अखेरच्या शब्दातली मद सहा मात्रांची आहे, ती आखडू नये. 'अल्लाह' शब्दाच्या आधी जबर किंवा पेश असेल तर त्यातला लाम जाड, जेर असेल तर बारीक. एवढं सवयीचं झालं की नून साकिनचे नियम, कलकला वगैरे पुढच्या वर्षी.

थांबण्याच्या खुणाही ओळखीच्या करून घ्या. गोल खूण म्हणजे आयत संपली. छोटा मीम असेल तर थांबलंच पाहिजे. आयतीच्या मध्ये 'ला' दिसलं तर तिथं थांबू नये. जीम असेल तर थांबलं तरी चालतं. दम संपून मध्येच थांबावं लागलं तर एक-दोन शब्द मागे येऊन पुन्हा धरायचं.

एकच प्रत धरा

भारतात छापलेल्या प्रती आणि मदिनेत छापलेल्या प्रती यांत मजकूर तोच आहे, लिहिण्याची धाटणी वेगळी. मदिनेच्या प्रतीत जजमची खूण वेगळी, मद दाखवण्याची पद्धत वेगळी, थांबण्याच्या खुणाही थोड्या वेगळ्या. आपला कायदा भारतीय धाटणीचा असतो, म्हणून पहिली काही वर्षं भारतीय छापाचीच प्रत वापरा, ठळक अक्षरांची. आणि तीच एक प्रत ठेवा. शब्द पानाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे डोळ्यांना लक्षात राहतं आणि पाठांतराला त्याची मोठी मदत होते. मोबाईलवरही त्याच धाटणीचं पान लावा.

पाठांतराचा क्रम

फातिहानंतर इख्लास, मग कौसर, अस्र, नस्र. या सगळ्या तीन-चार आयतींच्या. मग फलक आणि नास. त्यानंतर कुरैश, फील, माऊन, काफिरून. एक सूरा पक्की झाली की त्याच दिवशी सुन्नत किंवा नफल नमाजेत पढायला घ्या. नमाजेत पढलेली सूरा सहसा विसरत नाही. आठवड्यातला एक दिवस नवं काहीच न घेता फक्त उजळणीला ठेवा. पाठांतर निसटायला फार वेळ लागत नाही, हे हाफिजांनाही ठाऊक असतं. म्हणून तेही रोज उजळणी करतात.

रमजान आला की तरावीहला जा. तुम्हाला पाठ असलेली सूरा इमामांच्या तोंडून अचानक ऐकू येईल आणि तुमच्याही ध्यानात येईल की कान तयार झालाय.

अर्थाशिवाय नको

अरबी वाचता येणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाझिरा, म्हणजे पाहून वाचणं, येतं म्हणून अर्थ येत नाही. पण मराठीत कुरआनची भाषांतरं आहेत, संकेतस्थळांवरही मराठी भाषांतर निवडता येतं. रोज जेवढं पढलं तेवढ्याचा अर्थ मराठीत वाचा. आधी फातिहाचा एकेक शब्द समजून घ्या, मग इख्लासचा. नमाजेत उभं असताना आपण काय मागतोय हे कळलं की अरबी शब्द परके राहत नाहीत. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे मुसलमान नव्हते, पण त्यांनी प्रौढ वयात अरबी शिकून कुरआन मुळातून अभ्यासलं आणि 'कुराण-सार' संकलित केलं. मराठी माणसाला मोठ्या वयात ही भाषा जमते, याला आणखी पुरावा नको.

अदब आणि घर

पढण्याआधी वुजू करा, स्वच्छ जागी बसा, प्रत रिहालवर किंवा उंचावर ठेवा. छापील कुरआनला हात लावायला वुजू लागतो, असं बहुतेक उलेमा सांगतात. पाठ असलेलं वुजूशिवाय म्हणता येतं. मोबाईलच्या बाबतीत आणि मासिक पाळीतल्या तिलावतीबाबत मतं वेगवेगळी आहेत. आपल्या आलिमना किंवा एखाद्या जाणकार आपांना विचारा. पाळीच्या दिवसांत ऐकणं, अर्थ वाचणं चालूच ठेवता येतं, म्हणजे शिक्षणात खंड पडत नाही.

घरची माणसं इस्लाममध्ये नसतील तर हा भाग जास्त नाजूक. आई-वडिलांशी वाद घालून पढण्यापेक्षा पहाटे फज्रनंतर, घर जागं होण्याआधी, हलक्या आवाजात पढा. ऐकायला इयरफोन आहेत. कुरआन ठेवायला स्वतःचं एक कपाट किंवा वरची फळी ठरवा आणि ते कुणाच्या जाण्या-येण्यात पडणार नाही असं पाहा. घरच्यांनी विचारलं तर नीट, खरं सांगा. तुमच्या वागण्यातला गोडवा आणि आई-वडिलांची सेवा यांतून त्यांना जे कळेल, ते वादातून कळणार नाही. आई-वडील मुसलमान नसले तरी त्यांच्याशी चांगलं वागणं हे कुरआनचंच शिक्षण आहे.

रोजचा अर्धा तास

शेवटी कामाचं. दिवसातला एक अर्धा तास ठरवा आणि तो हलवू नका. पहिली दहा मिनिटं कालचं म्हणा. पुढची दहा कायद्याची नवी ओळ. शेवटची दहा फातिहा किंवा चालू सूरा ऐकून मागून म्हणा. कामाच्या गडबडीत एखाद्या दिवशी जमलं नाही तर निदान दहा मिनिटांची उजळणी सोडू नका. आठवड्यातून दोन वेळा शिक्षक, एक वेळ रेकॉर्डिंग. महिना संपला की पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढून ऐका. किती पुढं आलात ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि फातिहा शुद्ध झाल्यावर एक काम करा. तुमच्यानंतर कलमा पढून कुणीतरी येईल, तोही तुमच्यासारखाच ओठ हलवत मागच्या रांगेत उभा असेल. कुरआन शिकणारा आणि शिकवणारा, या दोघांना प्रेषितांनी सर्वांत चांगल्या माणसांत गणलं आहे. तुम्हाला सात आयती येतात ना? त्या सात शिकवायला बसा. शिकवताना चूक ऐकू आली की थांबवा, पण लाजवू नका; अडखळणाऱ्याला दुप्पट पुण्य आहे, हे त्यालाही पहिल्याच दिवशी सांगा.